जावयाचा टर्बो

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला दोनच कामं येतात. मोबाइलवर काच चिकटवणं, आणि आपल्याला सगळं येतं हे लोकांना पटवणं. पहिलं काम तो अमरावतीत, राजापेठेतल्या आपल्या दुकानात करतो. दुसरं कुठेही. किशोर त्याचं नाव. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते, कारण आईने तसं वळण लावलंय. मनात मात्र तो अरे-तुरेच आहे, आणि ही गोष्ट मी मनातून सांगते आहे.

गाड्यांचं वेड त्याला मोबाइलवरूनच लागलं. परदेशातला कोणी दाढीवाला जुन्या गाडीत काहीबाही बसवतो, हा ते पाहतो, आणि जेवण होईपर्यंत त्यातलं निम्मं विसरतो. उरलेल्या निम्म्यावर सगळा कारभार. स्वतःचेही व्हिडिओ टाकतो. "नमस्कार मंडळी" म्हणून सुरू करतो. मंडळी म्हणजे त्याचा वेल्डिंगवाला मित्र गोपाल, दोन चुलतभाऊ आणि माझी आई. आई प्रत्येक व्हिडिओला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते. जावई आहे ना.

आमचा मळा बाळापूरच्या बाहेर. शेवंती, झेंडू आणि मोगरा. त्यातला मोगरा माझा. लावला बाबांनी, पण तोडणं, बांधणं, विकणं सगळं माझ्याकडे. मोगऱ्याचे नखरे फार. कळी मिटलेली तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, आणि ऊन चढायच्या आत अकोल्याच्या फुलबाजारात पोचवायची. उशीर झाला की ती वाटेतच उमलते, आणि उमललेल्या मोगऱ्याला हारवाले हात लावत नाहीत. गावातून पुंजाजीचा टेम्पो जातो अकोल्याला. पण तो वांगी भरून, कोथिंबीर भरून, चहा पिऊन, कोणाच्या तरी म्हातारीला पुढे बसवून मग जातो. बाबांची जुनी मारुती आठशे होती म्हणून माझा धंदा होता. मागची सीट मी काढून टाकली होती, तिथे टोपल्या बसायच्या. मला लायसन्स मिळालं त्या दिवशी बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हे गाडी तुही." मी ते खरं धरलं.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचा धोंडा खाऊ घालायचा, तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट त्याच्या हातात द्यायचं, आणि तो साक्षात नारायण आहे असं समजायचं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीच्या नवांची निदान शांत तरी करता येते.

महिना लागायच्या पुष्कळ आधी आईने फोन लावला. तिचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"जवाईबुवा, धोंड्याले काय करावं तुमाले? कपडे, का आंगठी?"

"मामीजी, काही नोको. मामाजीची आठशे द्या फक्त. टर्बो बसवतो तिले. पंधरा दिवसात वापस. धोंड्याले तिच्यातच येतो ना जी. अशी पळन, का अकोला कवा आलं कळनार नाही."

बाबा बाजेवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा म्हना."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं? गाडी माझी, मोगरा माझा, आणि दानशूर आमचे बाबा, जानराव.

"बाबा, अन् माहा मोगरा?" मी विचारलं.

"पुंजाजी आहे ना."

"त्याच्या टेम्पोत कळी उमलते, तुमाले मालूम आहे."

"आचल, जवायानं तोंड उघडून मांगतलं. त्याले नाही म्हनावं काय?"

किशोर बसने आला, आईने गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं, आणि तो गाडी घेऊन गेला. वेशीबाहेर पडेपर्यंत त्याने तीनदा हॉर्न वाजवला. रस्त्यात कुत्रंही नव्हतं.

पंधरा दिवस गेले, मग आणखी गेले. पुंजाजीच्या टेम्पोत माझा मोगरा वांग्यांच्या शेजारी बसून अकोल्याला जायचा आणि निम्मा डोळे उघडून पोचायचा. बाजारातला धर्मपाल माझं जुनं गिऱ्हाईक. रोज सगळा माल एकटा उचलायचा. एक दिवस त्याने फडकं उघडलं, पाहिलं आणि परत झाकलं. "ताई, असाच माल येनार असन तं मी दुसरा मानूस पाहातो. वाईट वाटून नोका घेऊ." वाईट वाटून घेतलंच मी. तिथूनच अमरावतीची बस धरली.

राजापेठेत त्याच्या गल्लीत शिरले तर घरासमोर माझी गाडी उभी, बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. व्हिडिओसाठी मोबाइल एका डब्यावर उभा केलेला. शेजारी गोपाल डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, हातात वेल्डिंगचं हँडल. ट्यूशनला जाणारी पोरंपोरी गाड्या हळू करून बघत होती.

आठशेच्या बॉनेटखाली जागा किती असते? आईच्या मसाल्याच्या डब्यात असते तितकी. प्रत्येक वाटी आपापल्या जागी, मधे बोट शिरत नाही. एकदा माझ्या हातून एक नट आत पडला होता, तो काढायला मला अख्खी दुपार लागली होती. आणि तिथे हा शहाणा भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो कोंबत होता. नारळाएवढा लोखंडी गोळा, गोगलगाईसारखा वळलेला. टर्बोचं काम तसं सोपं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने आत एक चक्री फिरते, ती दुसरी चक्री फिरवते, आणि ती इंजिनात जादा हवा कोंबते. हवा जास्त, जोर जास्त, आणि तापणंही जास्त. हे मला कसं माहीत? त्याच्याच व्हिडिओत ऐकलं होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं, एवढाच फरक.

गोळा मावेना म्हणून त्यांनी काय काय केलं होतं ते मी पाहिलं. बॅटरी उचलून मागे नेली होती, माझ्या टोपल्यांच्या जागी. पुढची पत्र्याची पट्टी ग्राइंडरने कापली होती. बॉनेट बसत नव्हतं म्हणून त्याला गोल भोक पाडलं होतं, आणि भोकाच्या कडा कोयत्यासारख्या. रेडिएटरमागचा पंखा बाहेर काढून पायरीवर ठेवला होता. त्यावर चहाचे कप.

"भाऊजी, हा पंखा बाहेर काहून?"

"जागा खाऊन राह्यला होता ना. टर्बोले तेवढीच जागा सापडली."

"मंग इंजिन थंड कशानं होईन?"

"वाऱ्यानं!" तो मोबाइलकडे तोंड करून म्हणाला, म्हणजे मंडळींनाही कळावं. "गाडी पळन तं वारा लागन. इतकी पळन का पंख्याची गरजच नाही."

"अन् कुठी उभी राह्यली तं? गर्दीत?"

"टर्बोची गाडी उभी राहाले असते काय, आचल?"

गोपाल खो-खो हसला. उंटावरून शेळ्या हाकणारा एक पुरेसा नसतो, खाली टाळ्या वाजवणाराही लागतो.

एवढ्यात माझी बहीण चहा घेऊन आली. खुशी माझ्याहून मोठी, इथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. लग्नाआधी ती घरात सगळ्यात जास्त बोलायची. लग्नानंतर तिने बोलणं बंद केलं की नवऱ्यानेच तिच्या वाट्याचं उरकून टाकलं, ठाऊक नाही. तिने कप ठेवले, कापलेल्या पत्र्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. मला तिचा संताप आला. गल्लीच्या कडेला तिची स्वतःची पांढरी गाडी उभी होती. तिच्या पगाराची. धुतलेली, पुसलेली, बॉनेट बंद. त्याच्यावर या नारायणाचं बोटही उमटलं नव्हतं.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "त्याईले एवढी हौस आहे तं तुह्या गाडीत काहून नाही बसवत टर्बो?"

"ते माही गाडी आहे," ती म्हणाली आणि पातेलं घासायला लागली.

म्हणजे स्वतःचं तेवढं जपायचं, आणि बहिणीचं कापलं तरी चहा द्यायचा. बसमध्ये बसल्यावरही मला तेच वाक्य ऐकू येत होतं. नवऱ्यापेक्षा बायकोचीच किळस जास्त आली त्या दिवशी. नवरा निदान मूर्ख होता.

धोंड्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे जावयाला वेशीपासून घरापर्यंत डफड्यावर आणतात. पुढे डफडं वाजवणारे, मागे जावई, त्याच्या मागे गाव. पूर्वी बैलगाडीत आणायचे, आता जे असेल त्यात. आईने मला जावयाच्या गाडीसाठी मोगऱ्याचा हार करायला सांगितला. माझ्याच गाडीला, माझ्याच मोगऱ्याचा. केला. दोरा ओढताना मी काय काय बोलले ते देवाने ऐकलं असेल, आईने नाही.

तो आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खरं सांगायचं तर गाडी धावली होती. अमरावतीपासून हायवेने आली होती, आणि अकोल्याच्या पुढे आपण मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकलं असं तो उतरायच्या आधीच सांगत होता. टर्बोची शिट्टी वेशीपर्यंत ऐकू आली. पोट्टे ओरडत धावले. बाबांचं तोंड असं फुललं जसं गाडी त्यांनीच घडवली. खुशी मागून आपल्या पांढऱ्या गाडीतून आली. नवऱ्याच्या गाडीत का बसली नाही असं आईने विचारलं, तर म्हणाली, "गरम होते तिच्यात."

हार बॉनेटवर घातला. डफडं सुरू झालं. आणि जी गाडी उभी राहायला नसते ती मिरवणुकीत चालायला लागली, माणसाच्या पावलाने.

वेशीपासून आमचं घर दूर नाही. पण डफडं असलं की गाव चालत नाही, नाचतं. चार पावलं पुढे, दोन मागे. कोणी ओवाळायला थांबवायचं, कोणी गुलाल घेऊन आडवं यायचं. किशोर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने सगळ्यांना नमस्कार घालत होता. समोर पाण्याच्या तापमानाचा काटा चढत होता, पण नारायणाने काट्याकडे बघायचं असतं का? मारुतीच्या देवळापाशी मला पहिला वास आला. करपल्या फुलांचा. बॉनेटच्या भोकापाशी माझा मोगरा आधी पिवळा पडला, मग तपकिरी, मग दोरा जळून हार दोन्हीकडे गळाला. त्या भोकातून पांढरी वाफ निघाली. लोकांना वाटलं ही पण टर्बोचीच काही करामत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. डफडेवाल्यांनी ताल वाढवला.

मग फुस्स करून गरम पाणी उडालं, आणि पुढचा माणूस ओरडत बाजूला पळाला. गाडी दोन आचके देऊन थांबली, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर.

"पानी आना! थंडं पानी!" किशोर ओरडत बाहेर पडला.

दारात आई कळशी घेऊन उभी होती. जावयाचे पाय धुवायला ठेवलेलं पाणी. माठातलं, वाळा घातलेलं, आणि कहर म्हणजे बर्फही टाकलेला, जावयाच्या पायांना थंडावा मिळावा म्हणून. बाबांनी ती कळशी तिच्या हातातून घेतली आणि धावले.

"बाबा, नोको!" मी ओरडले. "तापलेलं हाय, थंडं नोका टाकू, थोडं निवू द्या!"

बाबांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने बोटाने दाखवलं, इथे. बाबांनी तिथे ओतलं. सगळी कळशी.

आतून आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच. पण डफडं थांबलेलं होतं, सगळ्यांनी ऐकला. इंजिन तडकलं. ज्याचे पाय धुवायचे ते पाणी इंजिनाला वाहणारे लोक जगात आमच्याशिवाय कोणी नसतील.

गावाने गाडी ढकलत दारात आणली. जावई आत स्टिअरिंग धरून बसला होता, म्हणजे मिरवणूक पुरी झाली.

जेवायला सगळे बसले. पाटाभोवती रांगोळी, समई, पुरणाचे धोंडे, तूप. कोणी गाडीचं नाव काढेना. शेवटी किशोरच बोलला. "हवा थंडी कराचं एक मशीन राह्यलं लावाचं. इंटरकूलर. ते असतं तं काही झालं नसतं. पुढच्या टायमाले..."

"पुढच्या टायमाले कोनाची गाडी?" मी विचारलं.

"आचल," बाबा म्हणाले.

"नाही, इचारू द्या ना. भाऊजीचं तं दोन घटकेचं हसं झालं. माह्या मोगऱ्याचं काय? धर्मपालनं दुसरा मानूस पाह्यला तं मी काय विकू, टर्बो?"

"चूप बस. जवाई जेवून राह्यले." मग बाबा त्याच्याकडे वळले, आणि किती गोड आवाजात, मला आजही ऐकू येतो. "जाऊ द्या, जवाईबुवा. मनाले लावून नोका घेऊ. गाडी जुनीच होती."

गाडी जुनीच होती. एवढंच. मी हातातला घास ताटात ठेवला. रडू आलं तर या माणसांसमोर येऊ नये एवढंच मला वाटत होतं. ते आलंच. त्या सगळ्या पंगतीची मला शिसारी आली, तुपाचीही.

आई अनारशांचं ताट घेऊन आली. तांब्याचं नवं ताट, तेहतीस अनारसे, मधे दिवा. जावयाच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं. घेतलं हे विशेष.

खुशी वाढत होती. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं, कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. पांढऱ्या गाडीची.

"उद्यापासून मोगरा हिच्यात ने," ती म्हणाली. "मागची सीट पाडली का टोपल्या बसतात. मी पाह्यलं मापून."

किशोरचा घास तोंडाजवळच राहिला. "अन् आपुन घरी कसे जाऊ?"

"बसनं."

"किती दिवस?"

"बाबाची गाडी जशी होती तशी ह्या दारात उभी राहीन, तेवढे दिवस. पंखा तुमच्या पायरीवर आहे. बाकीचं तुमी न् गोपालभाऊ पाहा."

बाबा गडबडले. इतकी वर्षं ज्या पोरीचा आवाज विसरले होते ती त्यांच्या पंगतीत उभी राहून बोलत होती. "बाई, असं बरं नाही दिसत. अधिकाचा महिना. जवायाची गाडी ठेवून घ्याची म्हंजे..."

"जवायाची नाही ते, बाबा," खुशी म्हणाली. "तुमच्या पोरीची आहे. तुमाले काय, तुमी तं देऊनच टाकान."

बाबांनी खाली पाहिलं. समईची वात सारखी करायला आई वाकली, ती बराच वेळ वाकूनच राहिली.

ऊन उतरल्यावर मीच त्यांना बाळापूरच्या स्टँडवर सोडलं. मागे किशोर बसला होता, मांडीवर फडक्याने झाकलेलं ताट. खुशी माझ्या शेजारी. मी तिला विचारलं, "माही कापत होते तवा काहून नाही बोलली तू?"

"तुही बाबानं देल्ली होती," ती म्हणाली. "देल्लेलीवर मी काय बोलू? म्हून तं माही वाचवून ठेवली." मग थोड्या वेळाने, "क्लच हलका आहे हिचा. सोडून देत जाय लवकर."

तिच्याबद्दल मी मनात जे जे बोलले होते ते सगळं परत घेते. किशोरबद्दलचं नाही.

बस भरलेली होती. त्याला जागा मिळाली नाही. एक हात वरच्या दांड्याला, एका हातात अनारसे. खिडकीतून मला दिसत होतं, कोणीतरी त्याला तिरकं होऊन पुढे सरक म्हणत होतं.

आता तो दर रविवारी येतो, बसने, पिशवीत काही ना काही घेऊन. एकदा पंखा, एकदा पट्टी, एकदा तडकलेल्या इंजिनासाठी कुठून तरी पैदा केलेला सुटा भाग. टर्बो निघाला, पण जे पहिल्यांदा मावत होतं ते आता त्याच जागेत मावत नाही. एक नट आत पडला की त्याची दुपार जाते. व्हिडिओ बंद आहेत. धोंड्याचा महिना संपला, म्हणून आई आता कळशी आणत नाही. ग्लास आणते. बाबा बाजेवर बसून पाहतात. परवा तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मामाजी, जरा हा पाना धरता काय?" बाबा म्हणाले, "मले काय समजते त्याच्यातलं." पण उठून गेले नाहीत.

मोगरा पांढऱ्या गाडीतून जातो. एसी लावते मी त्याच्यासाठी. धर्मपालने फडकं उघडलं, कळ्या पाहिल्या, आणि सगळ्या टोपल्या आपल्या बाजूला ओढल्या. काल अकोल्याच्या रस्त्यावर मागून पुंजाजीच्या टेम्पोने पुढे जायला हॉर्न दिला. मी बाजू दिली नाही.